रिकाम्या डोळ्यांची छावणी

या, असे जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, मृदंगाला कणीक कुठं लावून झालीय! मंडपात नुसतं बसून जांभया देण्यापेक्षा एक गोष्ट ऐका. गोष्ट काजळाची आहे. हसू नका. तुम्ही म्हणाल, काजळात सांगण्यासारखं असतं काय? दिव्यावर भांडं पालथं घातलं, काजळी धरली, बोटानं खरवडून तुपात खलली, झालं. माझीही तीच समजूत होती. पण आमच्या गावच्या सहकारी दूध उत्पादक संस्थेनं एका दुष्काळात काजळावर ठराव केला, आणि माझ्या अज्ञानाचा पडदा दूर झाला. संतसंगतीनं जे होत नाही ते कधी कधी सहकारानं होतं.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या अंगाला निघालं की माळावर आमचं गाव लागतं. त्या वर्षी पाऊस आमच्या शिवारावरून पाहुण्यासारखा गेला, लांबूनच रामराम घालून, चहालाही न थांबता. विहिरींना तळ दिसले. प्यायचं पाणी टँकरनं यायला लागलं. मग सरकारनं जनावरांसाठी छावणी मंजूर केली आणि ती चालवायचं पुण्य आमच्या संस्थेच्या पदरात पडलं.

संस्थेचे चेअरमन राधाकिशन आबा. मोठा दयाळू माणूस. दुष्काळ पडला की त्यांचं अंतःकरण इतकं भरून यायचं, की निवडणूक लागली की काय असं वाटावं. त्यांनी माळावर छपरं घातली, कडबाकुट्टीचं यंत्र बसवलं, कमानीवर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला. अडचण एकच झाली. छपरं थोडी आणि गुरं फार. तेव्हा खऱ्या दुष्काळग्रस्तांनाच आत घ्यायचं असं ठरलं. पाऊस तर कुणाच्याच रानात पडला नव्हता, मग त्यात खरा कोण आणि खोटा कोण, असा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडेल. संस्थेला पडला नाही. संस्थेनं पारख करायला आपले सेक्रेटरी उत्तरेश्वर यांना फाटकावर उभं केलं. उत्तरेश्वर बीडला कॉलेजात शिकून आलेले. एवढं शिकलेला माणूस गावात दुसरा नाही, हे ते स्वतः सांगायचे, त्यामुळं पुराव्याची गरज पडत नसे.

या फाटकावर एका सकाळी धनगरवस्तीवरची रतनबाई आली. हाताशी कपिली गाय. गाय गाभण, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली. रतनबाईचा नवरा सिदू मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेला होता, चारा सापडंल तिकडं. घरात ती आणि तिची सासू सारजाबाई. दोघींच्या मध्ये ही एक गाय, आणि तिच्या पोटातल्या वासरावर पुढच्या वर्षाची सगळी भिस्त.

उत्तरेश्वरांनी गायीकडं पाहिलं नाही. त्यांनी रतनबाईच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"हे काय?"

"गाय हाय भाऊ. गाभण हाय. कडबा सरला, छपराचं गवत काढून घातलं, आता छप्पर बी न्हाई अन् गवत बी न्हाई."

"गाईचं न्हाई विचारलं. डोळ्यात काय हाय?"

"काजळ."

"कावून?"

रतनबाईला प्रश्नच कळेना. "घरधनी भायेर हायत मेंढरं घेऊन. आमच्या घरात रीत हाय तशी. माणूस रानोमाळ असला की बाईनं डोळे रिकामे ठिवायचे न्हाईत. आत्यांनी सांगितलंय."

"काजळाला तेल लागतं का न्हाई?"

"लागतंय की."

"वर तूप लागतं का न्हाई?"

"बोटाला लावण्याइतकं."

"म्हंजे घरात तेल हाय, तूप हाय, नटाया-मुरडायला सवड हाय. अन् चारा तेवढा संस्थेनं द्यायचा! घरी जा बाई. डोळे पुसून ये, मंग बघू. छावणीत फोटो निघतेत, साहेब लोक बघतेत. दुष्काळ चेहऱ्यावर दिसाया नको?"

रतनबाईनं गाय पुढं केली. मग म्हणाली, "भाऊ, गाय आत घ्या. पुसायचं तेवढं सांगू नका." आणि गायीचा कासरा धरून माघारी वळली.

आता एवढ्यावर थांबला तर तो शिकलेला माणूस कसला! उत्तरेश्वरांनी संध्याकाळच्या बैठकीत विषय मांडला. काजळाचा इतिहास सांगितला. म्हणाले, हजारो वर्षांपूर्वी मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, राजे आणि राण्या डोळ्यांना काळ्या रेघा ओढायच्या. दगड कुटून, तेलात कालवून. थडग्यांमध्ये अजून काजळाच्या डब्या निघतात. सबब, काजळ हा राजघराण्याचा षौक आहे.

एक म्हातारा संचालक पेंगत होता, तो जागा झाला. "मंग तिकडं ऊन न्हाई का बे? वाळवंटात डोळ्याला धूळ लागत असंल म्हणून लावीत असतील बिचारे."

"राण्या वाळवंटात फिरतेत व्हय दादा?" उत्तरेश्वर म्हणाले, आणि म्हातारा पुन्हा पेंगला.

मला त्या बैठकीत कुणी विचारलं नाही, नाहीतर मीही चार गोष्टी सांगितल्या असत्या. आमच्या आज्याच्या आठवणीत निजामाच्या राजवटीत उरुसाला सुरमेवाले यायचे, काचेच्या कुप्या आणि पितळी सळया घेऊन, आणि गावचे मिशाळ गडी रांगेनं डोळे उघडून बसायचे. त्यांना नटवा म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण मिशा मोठ्या होत्या. पुढं गड्यांच्या डोळ्यातला सुरमा गेला आणि बायांच्या डोळ्यातलं काजळ तेवढं राहिलं. मग तंबूत सिनेमा आला. पडद्यावरच्या नटीनं काजळाची रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढून पार कानाकडं नेली, आणि आमच्या पोरींनीही नेली. आया म्हणाल्या, बाई गं, रेघ आवर. आता मांजरसुंब्याला पार्लर झालंय. तिथं नवरीला बाटलीतलं आयलायनर लावतात, ब्रशनं, श्वास रोखून. एका डोळ्याला एवढा वेळ लागतो की तोवर इकडं मंगलाष्टकं सुरू व्हायला आलेली असतात.

तर ठराव झाला. ज्या घरातली मालकीण काजळ घालते, ते घर दुष्काळग्रस्त धरू नये. हात वर झाले. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "आबा, तुमच्या सूनबाई?"

आबांच्या सूनबाई शहरातल्या. त्यांच्या डोळ्यांच्या रेघा गावात लांबून ओळखू यायच्या. आणि आबांची गुरं छावणीत सगळ्यांच्या आधी, सावलीच्या बाजूला बांधलेली.

उत्तरेश्वर गडबडले नाहीत. "ते काजळ न्हाई. ते आयलायनर हाय. बाटलीतून येतं. त्याला घरचं तेल-तूप लागत न्हाई. ठराव काजळाचा हाय."

धन्य! हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा सूक्ष्म विचार मी मोठमोठ्या महाराजांच्या निरूपणातही ऐकला नव्हता.

इकडं धनगरवस्तीवर कपिली खाली बसली ती उठायला तयार होईना. रतनबाईनं शेपटी धरून, पोटाखाली हात घालून कशीबशी उठवली. गाय थरथरत उभी राहिली. रतनबाई दारातल्या पाण्याच्या तांब्याकडं बघायला लागली. पदराचा शेव ओला केला. डोळ्यापाशी नेला.

"काय करतीस?" आतून सारजाबाई.

"आत्या, गाय मरंल."

"अन् पोरगा माजा तिकडं उन्हात हाय त्याचं?"

"मंग काय करू तुमीच सांगा!" रतनबाई रडायलाच लागली. "काजळ ठिवलं तर गाय जाती. पुसलं तर माज्या हातानं... मला बोलवत बी न्हाई."

सारजाबाई बाहेर आली. वाळक्या काडीसारखी म्हातारी, सिदू रांगत होता तेव्हापासून कपाळ मोकळं. तिनं सुनेच्या हातातून पदर सोडवला.

"तू पुसू नगंस. त्येंला रिकामे डोळेच पायजेत ना? माजे हायतच की. इतक्या वर्सांत कुणाच्या कामाला आले न्हाईत. आण तो कासरा."

दुसऱ्या दिवशी फाटकावर सारजाबाई.

"बघ रं लेकरा, नीट बघ. वाकून बघ. काजळ हाय?"

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणाले.

"कुकू हाय?"

"न्हाई."

"हातात काकण?"

"न्हाई, म्हातारे."

"मंग मी दुष्काळात बसती का न्हाई? का अजून काय उतरवायचं ऱ्हायलंय?"

उत्तरेश्वरांनी नोंदवही उघडली. "बसतीस. पण गाय कुणाची?"

"माजी. हिची आजी-पणजी मालक माज्या नावानं ठिवून गेले. अन् तुज्या कपाळाला ते काळं काय?"

"हा बुक्का हाय. देवाचा."

"असं व्हय. मला वाटलं, तुज्या घरात बी तेल-तूप सांडलंय."

नियम असा होता की जनावराच्या मालकिणीनं छावणीतच मुक्काम करायचा. म्हणजे म्हातारीनं ऐन चैतात पत्र्याखाली, शेणामुताच्या वासात. रतनबाई पाया पडून म्हणाली, आत्या नका जाऊ. सारजाबाई म्हणाली, घरी तरी काय गालिचे हायत? आणि कपिलीच्या शेजारी गोणपाट टाकून बसली. गायीनं पहिली पेंढी खाल्ली तेव्हा म्हणे तिनं गायीच्या गळ्यात हात टाकला होता.

ही युक्ती गावात पसरायला वेळ लागला नाही. ज्यांच्या घरात काजळ होतं त्यांनी आपापल्या घरातल्या विधवा सासवा, आत्या, चुलत्या शोधून काढल्या. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी जेवलीस का विचारलं नव्हतं, त्यांचे एकाएकी पाय चेपले जाऊ लागले. एका घरात तर दोन सुना एका सासूवरून भांडल्या. बघता बघता छावणी म्हाताऱ्यांनी भरली. एकेक खुंटा, एकेक जनावर, एकेक पांढरं कपाळ. आबा खूष. फोटोत दुष्काळ इतका छान दिसत होता, की पाहणाऱ्याचा घास घशात अडकावा.

पण कडबाकुट्टीचं यंत्र दिवसभर चालायचं. त्याचा भुसा, माळावरची धूळ, वर पत्र्याची धग. म्हाताऱ्यांचे डोळे लाल झाले, मग सुजले, मग चिकटायला लागले. सकाळी पाण्यानं भिजवल्याशिवाय उघडेनात, आणि पाणी मोजकं. संस्थेकडं औषध मागितलं. संस्थेनं मागणी वर कळवली. वर म्हणजे कुठं, हे मला आजवर समजलं नाही, पण आमच्या भागात पाऊस आणि औषध दोन्ही तिथंच अडकून पडतात.

तेव्हा सारजाबाईनं रतनबाईला सांगून घरून एरंडेल मागवलं. आपल्याच जुन्या लुगड्याची वात वळली. पणती लावली, आणि काजळी धरायला भांडं नव्हतं म्हणून भजनी मंडळाचा एक टाळ उचलून आणला. पितळेचा, गार. दोन दगडांवर टाळ पालथा, खाली वात. काजळी जमली. एरंडेलाचा थेंब टाकून तिनं ती तळहातावर खलली आणि शेजारच्या खुंट्याजवळच्या बायनाबाईला म्हणाली, "ये, डोळा उघड."

बायनाबाई मागं सरकली. "सारजे, खूळ लागलं का काय तुला? आपुन पांढऱ्या कपाळाच्या बाया. काजळ घालायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"कपाळाला न्हाई लावीत, डोळ्याला लावतीय. नवऱ्यासंगं डोळे बी जाळले हुते का तुजे?"

"अगं पण रीत..."

"रीत कुणाला सांगतीस? लहान असताना आईनं घातलं तवा नवरा हुता का आपल्याला? गार वाटाया लागलं की मंग सांग मला रीत."

बायनाबाईनं डोळे मिटून घेतले, तोंडानं पांडुरंग पांडुरंग सुरू, आणि तसंच सारजाबाईनं बोटानं पापण्या फाकवून काजळ ओढलं. थोड्या वेळानं बायनाबाईनं तो डोळा मिचकावून पाहिला. मग म्हणाली, "दुसऱ्या बी डोळ्यात घाल."

झालं. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. आठवडाभरात सगळी छावणी काजळ घातलेली. सुरकुत्यांमध्ये काळ्या रेघा, कुणाची वाकडी, कुणाची गालावर आलेली. आणि एक गंमत मी या डोळ्यांनी पाहिली. आधी त्या म्हाताऱ्या आपापल्या जनावराकडं तोंड करून बसायच्या. आता एकमेकींकडं तोंड करून बसायला लागल्या. एकमेकींची रेघ पुसून नीट करायच्या. हसायच्याही. विधवा बायांचं एवढं हसणं गावाला सोसेना.

गावात कुजबूज झाली. बैठकीत स्फोट झाला. उत्तरेश्वर म्हणाले, ठराव म्हणजे ठराव, मालकिणीच्या डोळ्यात काजळ म्हणजे घर दुष्काळग्रस्त नाही. उद्या संध्याकाळपर्यंत डोळे पुसा, नाहीतर जनावरं सोडून न्या.

त्याच सुमाराला आबांनी छावणीत सप्ताह बसवला होता. संध्याकाळच्या कीर्तनाला रामहरी महाराज उभे राहिले. साधा माणूस, आवाज मात्र असा की गुरंही रवंथ थांबवून ऐकायची. त्यांनी बाळकृष्णाचं आख्यान लावलं. यशोदा माय लेकराला न्हाऊ घालते, मांडीवर घेते, डोळ्यात काजळ घालते, गालाला तीट लावते. म्हाताऱ्या पदरानं डोळे टिपत होत्या आणि टिपताना काजळ जाऊ नये म्हणून जपतही होत्या. तेवढ्यात बायनाबाई मध्येच उठली.

"महाराज, एक पुसू का? आमी पांढऱ्या कपाळाच्या बायांनी काजळ घातलं तर पाप लागतं का?"

आबा पुढच्या रांगेत. महाराजांनी आबांकडं पाहिलं, म्हाताऱ्यांकडं पाहिलं, चिपळ्या खाली ठेवल्या.

"माय, पापाचं मला एवढं कळत न्हाई. पण मी विचार करतोय, नंदाच्या घरी एवढ्या गाई, अन् यशोदेच्या हाताला काजळ. गोकुळात दुष्काळ पडला असता तर त्या गाई कुठल्या छावणीत घेतल्या असत्या? देवाला सुद्धा फाटकावरनं माघारी लावलं असतं की हो!"

मंडप हसून फुटला. आबाही हसले, कारण सगळे हसत होते. मग महाराज जरा खाली आवाजात म्हणाले, "देवानं डोळे दिले तवा कपाळ बघून दिले न्हाईत. एवढंच मला कळतं. बोला, पुंडलिक वरदा..."

कीर्तनानं मनं पाघळतात, पण ठराव पाघळत नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर दुपारीच फाटकात येऊन उभे. "चला, डोळे पुसा. न्हाईतर खुंटे मोकळे करा."

सारजाबाई उठली. कपिलीला आता दिवस भरत आले होते, सड भरले होते. अशा गायीला उन्हात चालवत नेणं म्हणजे काय, हे त्या माळावर प्रत्येकीला ठाऊक होतं. म्हातारीनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला. क्षणभर तिनं पदर डोळ्याकडं नेला, मी पाहिलं. मग हात खाली आला आणि तिनं दावं सोडलं.

"चल कपिले. मरायचं तर आपल्या दारात मरू."

फाटकापर्यंत ती पोचली असेल नसेल, मागं दाव्यांचा आवाज झाला. बायनाबाईनं आपला बैल सोडला होता. तिच्या मागं आणखी एक. मग सगळ्याच. जनावरांची आणि म्हाताऱ्यांची रांगच लागली, काजळ घातलेली. छावणीत उरली ती आबांची गुरं, सावलीत, बाटलीतल्या आयलायनरच्या पुण्याईवर.

आबा धावत आले. चप्पल एकाच पायात. "उत्तरेश्वर! हे काय चाललंय?"

"ठरावाची अंमलबजावणी आबा."

"बे येड्या, उद्या साहेब येणार हायत पाहणीला! छावणी चालू ठिवायची का बंद करायची ते बघाया. त्येंला काय माजीच जनावरं दाखवू?"

"पण ठराव..."

"घाल तो ठराव कडबाकुट्टीत!" आणि आबा सारजाबाईपुढं हात जोडून उभे राहिले. अगदी कमानीवरच्या फोटोतल्यासारखे, फक्त घाम जास्त. "आक्के, फीर माघारी. तुजी गाय ती माजी गाय."

"माजी गाय माजीच ऱ्हाऊ दे," सारजाबाई म्हणाली. "अन् मी एकटी फिरायची न्हाई. माजी सून यील उद्यापासनं गायीपाशी. काजळ घालून यील. फाटकात कुणी तिच्या डोळ्याकडं बघितलं तर मी हाय अन् तो हाय."

"यिऊ दे बाई, यिऊ दे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एवढ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात काजळ पाहून त्यांनी विचारलं, हे काय? आबा म्हणाले, साहेब, आमच्या संस्थेचा नेत्रसेवा उपक्रम आहे, शुद्ध एरंडेलाचा, परंपरेला धरून. साहेबांनी कौतुक केलं. उत्तरेश्वरांनी मिसर देशात हेच औषध म्हणून वापरत असं सांगितलं, आणि पेंगणाऱ्या संचालकानं एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं. छावणी पावसापर्यंत चालू राहिली. पुढं आबांना या उपक्रमाबद्दल तालुक्याला शाल-श्रीफळ मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं. एवढ्या म्हाताऱ्यांना उन्हात बाहेर काढून परत आत घेणं सोपं नसतं.

कपिली त्याच छावणीत व्याली. कालवड झाली. रतनबाई जवळ होती, डोळ्यात काजळ भरून. मिरगानंतर सिदूही मेंढरं घेऊन घरी आला, निम्मी गमावून, पण स्वतः धडधाकट. आणि सारजाबाईनं काजळ सोडलं नाही. लोक बोलले, मग बोलून दमले. ती गेली तेव्हा सुनेनं तिला न्हाऊ घातलं आणि डोळ्यात काजळ घालून मगच बाहेर आणलं. तिरडीपाशी कुणीतरी कुरकुरलं. बायनाबाईनं नुसतं वळून पाहिलं, तो माणूस मागं सरकला.

आबांची शाल संस्थेच्या कपाटात आहे, बघायची असेल त्यानं बघावी. सारजाबाईचं मात्र कुठं काही लावलेलं नाही. म्हणून तुमच्यापाशी मागणं मागतो. घरात एखादी पांढऱ्या कपाळाची आजी, आत्या असेल, डोळ्यांची आग होतेय म्हणत असेल, तर तिच्याजवळ बसा, आणि बसल्या बसल्या आमच्या सारजाबाईची एकदा आठवण काढा. पांडुरंग तुमचं भलं करो.